विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य व आपले कर्तव्य
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सव म्हटला म्हणजे मागे वळून पाहण्याचा प्रसंग. देऊळ कोणी बांधिले, घंटा कोठून आणिली, शाळेची पहिली इमारत कोणत्या साली उभी राहिली, हा वृत्तांत इतर वक्ते अधिक अधिकाराने सांगतील. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, आपल्या वाडवडिलांनी देवळाशेजारी शाळा बांधिली ती त्यांच्या काळची अडचण ओळखून. त्या काळी अज्ञान ही मोठी अडचण होती. आता मुले शाळेत जातात, शाळेतून कॉलेजात जातात. परंतु कॉलेजात गेलेल्या मुलाचे मन मध्येच खचले तर त्याने कोणाकडे जावे, याची सोय मात्र आपण अद्याप केलेली नाही. आजच्या काळची अडचण ती हीच, असे आमचे मत आहे. आणि म्हणून विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य व समुपदेशन हा विषय आम्ही निवडिला आहे.

या विषयावर बोलताना उच्चभ्रू विद्यापीठांची उदाहरणे देण्यात फारसा अर्थ नाही. ज्या विद्यार्थ्यांची स्थिती आपल्या मुलांसारखी आहे, त्यांच्याकडे पाहिले पाहिजे. असे विद्यार्थी अमेरिकेत ज्या संस्थांत शिकतात त्यांस ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात. या प्रकारचे पहिले सरकारी कॉलेज इलिनॉय प्रांतातील जोलिएट या गावी १९०१ साली अवघ्या ६ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाले. पुढे १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमिलेल्या उच्च शिक्षणाच्या आयोगाने अशी कॉलेजे गावोगावी काढावीत अशी शिफारस केली, आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव तेव्हापासून रूढ झाले. आज त्या देशात अशी सुमारे १,००० कॉलेजे आहेत. फी थोडी, प्रवेश सर्वांस खुला, शिक्षण बहुधा दोन वर्षांचे, आणि विद्यार्थी आपल्या घरी राहून शिकणारा, असे त्यांचे स्वरूप आहे.

ही कल्पना आपल्या देशातही आली, व ती आणण्यात आपल्या ख्रिस्तसभेचा वाटा लहान नाही. पाँडेचेरी विद्यापीठाने १९९५ साली असे कॉलेज काढिले. त्या पाठोपाठ १९९६ साली मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने आपले कॉलेज काढिले. येशूसंघाचे फादर झेवियर अल्फोन्स यांनी या चळवळीस पुष्कळ वर्षे वाहून घेतले. शाळा मध्येच सुटलेली मुले, गरीब घरच्या मुली, खेड्यांतील तरुण यांस हातास काम देणारे शिक्षण द्यावे, आणि त्यासोबत जीवन कसे जगावे हेही शिकवावे, असा त्या अभ्यासक्रमाचा उद्देश होता. पुढे विद्यापीठ अनुदान मंडळानेही कम्युनिटी कॉलेजांची योजना हाती घेतली. मुलाच्या हातास कौशल्य देऊन त्याचे मन दुबळे ठेविले तर ते कौशल्य टिकत नाही, हे या मंडळींनी आरंभीच ओळखिले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता या विद्यार्थ्याची दिनचर्या पाहू. वसतिगृहात राहणाऱ्या मुलास निदान एक गोष्ट लाभते: त्याच्या खोलीशेजारी दुसरी खोली असते. तो दोन दिवस जेवावयास आला नाही, तर कोणाच्या तरी ध्यानात येते. घरून ये-जा करणाऱ्या मुलाचे तसे नाही. तो पहाटे उठतो, वाडीतील किंवा घरातील काम उरकितो, गाडी पकडितो, तास संपताच पुन्हा गाडी पकडितो, आणि संध्याकाळी कोठे दुकानात, कोठे कचेरीत, कोठे शिकवणीवर चार पैसे मिळवितो. कॉलेजास तो घरचा मुलगा वाटतो, घरास तो कॉलेजचा मुलगा वाटतो; आणि त्याचे मन कसे आहे हे पाहण्याचे काम दोघेही एकमेकांवर सोपवून मोकळे होतात. त्यातून तो आपल्या घरातील कॉलेजात जाणारा पहिलाच असेल, तर त्याच्या अडचणी समजणारे माणूस घरी नसते. विषय सुटत नाही, इंग्रजी कळत नाही, वर्गात हसू होते, हे त्याने आईस सांगितले तर तिचा जीव कासावीस होतो. वडिलांस सांगितले तर फीच्या रकमेची आठवण निघते. सबब तो गप्प राहतो.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा अनुभव याहून निराळा नाही. तेथील बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकणारे आहेत. पुष्कळ नोकरी करितात. कित्येकांस स्वतःची मुलेबाळे आहेत. कॉलेजात समुपदेशकाची कचेरी असते, परंतु ती दिवसा उघडी आणि विद्यार्थी रात्रीच्या तासास येणारा! बहुतेक कॉलेजांत मनोविकारतज्ज्ञ नाहीच. धनवंत विद्यापीठांत ज्या सोयी सहज मिळतात, त्या ज्यांस अधिक गरज आहे त्यांस मिळत नाहीत. ही विषमता तेथील विचारी लोकांस बोचू लागली, आणि त्यांनी काही प्रयोग केले. त्यांपैकी एकाची हकीकत आम्ही जरा विस्ताराने सांगणार आहो, कारण तीत आपणांस घेण्यासारखे पुष्कळ आहे.

न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने आपल्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ साली ‘असॅप’ या संक्षिप्त नावाची योजना सुरू केली. तिच्यात अद्भुत असे काही नव्हते. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकावे, फीत जी तूट पडेल ती माफ, पुस्तके फुकट, आगगाडी व बसचा पास फुकट, आणि प्रत्येक विद्यार्थ्यास एक सल्लागार, ज्याला त्याने नियमाने भेटलेच पाहिजे. कॉलेजात एरवी एका सल्लागाराच्या वाट्यास ६०० पासून १,५०० पर्यंत विद्यार्थी येत. या योजनेत एका सल्लागाराकडे ६० ते ८० च विद्यार्थी ठेविले. म्हणजे सल्लागारास मुलाचे नाव ठाऊक, घर ठाऊक, मागील महिन्यात तो कशाने खिन्न होता हेही ठाऊक!

योजना खरोखर उपयोगी पडते की काय, हे पाहण्यासाठी २०१० सालापासून तीन कॉलेजांतील सुमारे ९०० गरीब विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटास योजनेचा लाभ दिला, दुसऱ्यास नेहमीच्याच सोयी ठेविल्या. हे सर्व विद्यार्थी एखाद्या तरी विषयात कच्चे होते. तीन वर्षांनी पाहता नेहमीच्या गटातील १०० पैकी २२ जणांनी पदविका मिळविली होती. योजनेतील १०० पैकी ४० जणांनी! हा अहवाल २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुढे ओहायो प्रांतातील तीन कॉलेजांत हाच प्रयोग केला, तेथेही उत्तीर्ण होणारांचे प्रमाण जवळजवळ दुपटीच्या घरात गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या योजनेतील सल्लागार हे मानसोपचार करणारे वैद्य नव्हेत, आणि प्रयोगात मोजिली ती पदविका, मनाची शांती नव्हे. तेव्हा या योजनेने मनोविकार बरे होतात असा अर्थ कोणी काढू नये. परंतु जे विद्यार्थी मंदबुद्धीचे किंवा आळशी समजले जात होते, त्यांच्यापैकी पुष्कळांस पास, पुस्तक आणि विचारपूस करणारे माणूस एवढेच उणे होते, हे यावरून सिद्ध होते. अमुक मुलगा ‘वाया गेला’ असे म्हणण्यापूर्वी आपण त्यास यांपैकी काय दिले होते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

कॅलिफोर्निया प्रांताने याच्याही पुढे पाऊल टाकिले. तेथे २०२१ च्या कायद्याने प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात ‘मूलभूत गरजांचे केंद्र’ असावे असे ठरविले. तेथे विद्यार्थ्यास धान्य कोठे मिळेल, राहण्याची सोय कोठे होईल, मनाच्या दुखण्यासाठी कोणाकडे जावे, हे एकाच ठिकाणी सांगितले जाते. उपाशी मुलास धीर धरण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याची थट्टाच होय. पोट व मन ही दोन खाती निराळी नाहीत, हे तेथे कायद्यानेच मान्य केले, असे म्हटले तरी चालेल.

आता ‘समुपदेशन’ म्हणजे नेमके काय, याविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. कारण या शब्दाविषयी आपल्यांत दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. काहींस वाटते, समुपदेशन म्हणजे उपदेश, आणि उपदेश करणारे घरोघर आहेत, मग त्यासाठी शिकलेला माणूस कशास हवा? दुसऱ्यांस वाटते, समुपदेशकाकडे जाणारा तो वेडा. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. या कार्याचा आरंभच तरुणांच्या प्रश्नांतून झाला. बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी १९०८ साली तरुणांस योग्य व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारी कचेरी उघडिली. पुढे कार्ल रॉजर्स यांनी, जे तारुण्यात धर्मशिक्षणासाठी सेमिनरीत काही काळ होते, १९४२ साली आपला ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, दुःखी माणसास उत्तरे पुरविण्यापेक्षा त्याचे म्हणणे न निवाडा करिता मनापासून ऐकून घ्यावे. म्हणजे आपली वाट शोधण्याचे बळ त्याचे त्यासच येते. समुपदेशक मुख्यत्वे ऐकतो. तो ऐकण्याचे शास्त्र शिकलेला असतो, एवढाच त्याच्यात व शेजारच्या काकांत फरक आहे; पण तो फरक लहान नाही.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे, हेही सांगितले पाहिजे. येशूसंघाचे फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यास स्थापिलेली ‘साधना’ ही संस्था, जी पुढे लोणावळ्यास गेली, धर्मगुरू व व्रतस्थ यांस समुपदेशनाचे शिक्षण देण्यासाठीच निघाली होती. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था काढून या विषयावर मराठीतून बोलण्याची व लिहिण्याची सवय समाजास लाविली. आपल्या भाषेत हे बोलताच येत नाही, ही सबब त्यामुळे आता उरली नाही.

मनाच्या दुखण्यात साहाय्याच्या तीन पायऱ्या आहेत, त्या एकमेकींत मिसळू नयेत. पहिली पायरी म्हणजे आप्त, मित्र, शिक्षक व शेजारी: यांनी पाहावे, विचारावे, ऐकावे. दुसरी पायरी म्हणजे शिकलेला समुपदेशक: परीक्षेची धास्ती, घरातील कलह, प्रेमभंग, व्यवसायाची निवड, एकटेपणा, यांत तो वाट दाखवितो. तिसरी पायरी म्हणजे मनोविकारतज्ज्ञ: खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप व भूक उडाली असेल, कानांत आवाज येऊ लागले असतील, किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर तो वैद्याचा विषय आहे. हिवतापात आपण केवळ धीर देत बसत नाही, औषध देतो; मनाच्या विकारातही तसेच आहे.

आपल्या लोकांस आणखी एक शंका येते. ‘पापनिवेदन आहे, मग समुपदेशक कशास?’ आमच्या मते ही दोन कार्ये परस्परांस विरोधी नाहीत, पण एकही नाहीत. पापनिवेदनात माणूस पापाची क्षमा मागतो. खिन्नता हे पाप नव्हे, मग तिची क्षमा कशी मागावयाची? जो मुलगा आजारी आहे त्यास ‘तुझी श्रद्धा कमी पडते’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. पापनिवेदनाचे मौन धर्मगुरूवर संपूर्णपणे बंधनकारक असते. समुपदेशकही ऐकलेले गुप्तच ठेवितो, आणि २०१७ च्या कायद्याने रुग्णाची गुप्तता हा त्याचा हक्क ठरविला आहे. मात्र कोणाचा जीव धोक्यात असेल तर तो वाचविण्यापुरते बोलणे हे त्याचे कर्तव्य ठरते. हा भेद मुलांस आधीच समजावून सांगावा, म्हणजे पुढे विश्वासघात झाला असे त्यांस वाटत नाही. प्रार्थनेने धीर येतो हे आम्ही मानितो. परंतु ज्या देवाने प्रार्थना दिली त्यानेच वैद्यही दिला, हेही मानितो.

आता एका कठीण गोष्टीकडे वळणे प्राप्त आहे. सरकारी गुन्हे-नोंदणी खात्याच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सर्व प्रांतांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, १,७६४. हे आकडे ऐकून घाबरून जावे म्हणून आम्ही सांगत नाही. यांतील प्रत्येक एक हा कोणाच्या तरी घरचा मुलगा किंवा मुलगी होता, आणि यांतील पुष्कळांस वेळीच साहाय्य मिळते तर ते वाचते, हे समजावे म्हणून सांगतो. आत्महत्येचे कारण एकच एक नसते. वर्तमानपत्रे ‘परीक्षेत नापास झाला म्हणून’ असे लिहून मोकळी होतात. परंतु त्या नापासाच्या मागे बहुधा महिनोमहिने न बोललेले दुखणे असते.

पाहण्यासारख्या खुणा कोणत्या? मुलगा नेहमीच्या मित्रांपासून दूर राहू लागतो, आवडती गोष्ट, खेळ असो वा गायनवृंद असो, सोडून देतो, रात्र जागून काढितो किंवा दिवसभर निजून राहतो, अकारण संतापतो, व्यसनाकडे वळतो, ‘माझा कोणास उपयोग नाही’, ‘माझ्यामागे तुम्ही सुखी व्हाल’ अशी भाषा बोलू लागतो, आपल्या प्रिय वस्तू वाटून टाकितो. अशा वेळी त्यास एकांतात घेऊन सरळ विचारावे: ‘जीव नकोसा झाला आहे, असे तुला वाटते का?’ असे विचारल्याने नसती कल्पना डोक्यात भरेल अशी भीती लोकांस वाटते, पण ती निराधार आहे. उलट कोणी तरी विचारिले या एका गोष्टीने मनावरील ओझे हलके होते. उत्तर ‘होय’ असे आले तर त्यास एकटे सोडू नये, त्याच्याशी वाद घालू नये, शपथा घालू नयेत, आणि त्याच दिवशी जाणत्या वैद्याकडे न्यावे. रात्रीची वेळ असेल व काही सुचत नसेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीची सोय आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती अहोरात्र, विनामूल्य, मराठीसह अनेक भाषांत चालते. हा क्रमांक प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

कायदाही आता पूर्वीचा राहिला नाही. एके काळी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, आणि त्या भयाने कित्येक घरे रुग्णालयातही खरे सांगत नसत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे धरून चालावे, आणि त्यास शिक्षेऐवजी उपचार मिळावेत, असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने कलम ठेविलेलेच नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाही आदेश दिला की, ज्या शिक्षणसंस्थेत १०० किंवा अधिक विद्यार्थी आहेत तिने निदान एक शिकलेला समुपदेशक नेमिलाच पाहिजे. आपल्या मुलांच्या कॉलेजात तो नेमिला आहे की नाही, असल्यास त्याची बसण्याची वेळ मुलांच्या वेळेशी जमते की नाही, हे पालकांनी जाऊन विचारणे हा त्यांचा अधिकार आहे.

कायदा बदलला, पण लोकांची जीभ बदलली नाही. आणि येथे ख्रिस्तसभेचा इतिहासही सांगणे उचित होईल. १९१७ च्या धर्मनियमांप्रमाणे समजूनउमजून आत्महत्या करणारास ख्रिस्तसभेचा दफनविधी नाकारिला जाई. १९८३ च्या धर्मनियमांतून ते बंधन काढून टाकिले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात आत्महत्या योग्य नव्हे ही शिकवण कायम ठेवूनच असे सांगितले आहे की, गंभीर मानसिक विकार, तीव्र यातना वा भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसाच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. ख्रिस्तसभेने जे दार उघडिले ते आपण गावगप्पांनी बंद करावे काय? ज्या घरावर असे संकट कोसळले त्या घरी आपण जात नाही, गेलो तर खोदून खोदून कारण विचारितो, आणि पुढे त्या घरच्या मुलीचे लग्न ठरू लागले म्हणजे ती गोष्ट मुद्दाम तिकडे पोहोचवितो. या जिभेच्या धाकाने दुसऱ्या दहा घरांतील मुले आपले दुखणे लपवितात. म्हणून आमचे म्हणणे असे की, लोकनिंदा ही केवळ वाईट सवय नव्हे; तिने उपचार अडतात, आणि उपचार अडल्याने माणसे दगावतात.

सामान्य माणसांनी हे काम करावे, ही काही नवी कल्पना नव्हे. बेल्जम देशात गील नावाचे गाव आहे. तेथे संत डिम्फ्ना हिच्या समाधीस मनोरुग्ण यात्रेस येत. देवळाशेजारी जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांस आपापल्या घरी ठेवून घेण्यास आरंभ केला. ही प्रथा मध्ययुगापासून शतकानुशतके चालत आली. १९३० ते १९४० या दशकाच्या अखेरीस त्या एका लहान गावात तीन हजारांहून अधिक रुग्ण कुटुंबांत राहत होते. आज संख्या पुष्कळ कमी झाली, आणि वैद्यकीय देखरेख आली, तरी प्रथा जिवंत आहे. त्या गावचे लोक वैद्य नव्हते. शेतकरी, कारागीर, गृहिणी होत्या. त्यांनी रुग्णास जेवणाच्या मेजावर जागा दिली, हातास झेपेल ते काम दिले, आणि त्यास नावाने हाक मारिली. एका धर्मग्रामास याहून अधिक काही यावे लागत नाही.

मग आपल्या धर्मग्रामाने काय करावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे पाच गोष्टी पुढील वर्षभरात होण्यासारख्या आहेत.

पहिली: धर्मग्रामाच्या इमारतीतील एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी, मुले गाडीने परत आल्यानंतरच्या वेळी, शिकलेल्या समुपदेशकासाठी मोकळी ठेवावी. तिचे दार मुख्य रस्त्यावर नसावे, आणि तेथे कोण गेले याची चर्चा न करण्याचा नियम सर्वांनी पाळावा. समुपदेशक मानधन देऊन नेमावा. भलेपणा पुरेसा आहे असे समजून हे काम न शिकलेल्यावर सोपवू नये.

दुसरी: महोत्सवाच्या निधीतून काही रक्कम बाजूस काढून विद्यार्थ्यांचा रेल्वे पास, परीक्षेची फी व पुस्तके यांसाठी ठेवावी. न्यूयॉर्कच्या प्रयोगाचा धडा हाच आहे. मागणारास सर्वांसमक्ष अर्ज वाचावयास लावू नये.

तिसरी: प्रत्येक वाडीतून दोन जाणती माणसे, एक स्त्री व एक पुरुष, निवडून त्यांस प्राथमिक शिक्षण द्यावे. त्यांनी उपचार करावयाचे नाहीत. खुणा ओळखावयाच्या, ऐकावयाचे आणि योग्य ठिकाणी पोहोचवावयाचे.

चौथी: निकालाच्या आठवड्यात दक्षता ठेवावी. दरवर्षी आपण पहिल्या आलेल्यांचा सत्कार करितो, टाळ्या वाजवितो, त्यांचे फोटो छापितो. तो आनंद आम्ही मोडू इच्छीत नाही. परंतु त्याच दिवशी नापास झालेला मुलगा सणाच्या घरात तोंड लपवून बसलेला असतो. त्याच्या घरी कोणी तरी जावे. दहावीत नापास झालेल्यास त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते, हे त्यास सांगावे. पण त्याआधी त्याच्यासोबत चहा घ्यावा.

पाचवी: पालकांनी तुलना सोडावी. शेजारच्या मुलाचे गुण हे आपल्या मुलास मारावयाचे चाबूक नव्हेत. मूल घरी आले म्हणजे ‘किती मिळाले?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘जेवलास का?’ हा पहिला प्रश्न आपल्या आज्या विचारीत असत. तो प्रश्न परत आणावा.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्यापैकी काही जण मागील बाकांवर बसले आहेत; तुम्हांसही एक शब्द सांगून आम्ही रजा घेतो. मन दुखते हे सांगणे म्हणजे दुबळेपणा नव्हे. हात मोडला असता तुम्ही लपविता काय? एकाने ऐकिले नाही तर दुसऱ्यास सांगा, दुसऱ्याने ऐकिले नाही तर तिसऱ्यास. ऐकणारा भेटेपर्यंत बोलत राहा. तुमची वाट पाहणारी खोली अजून उघडावयाची आहे. ती उघडणे हे आम्हां मोठ्यांचे काम, आणि पुढील महोत्सवाच्या सभेत ते झाले की नाही, याचा जाब तुम्ही आम्हांस अवश्य विचारावा.

वाडवडिलांनी शाळा बांधिली तेव्हा त्यांच्या खिशात पैसा थोडा होता, पण गरज त्यांनी स्वच्छ पाहिली होती. आपणही आपल्या काळची गरज तितकीच स्वच्छ पाहावी, आणि ती भागविण्याचे बळ प्रभूने आपणांस द्यावे, अशी आमची प्रार्थना आहे.